चिंतनाची वही कुणाला दाखवायची?

बी.एड. कॉलेजच्या समोर झेरॉक्सचं जे दुकान असतं, तिथं चिंतन विकत मिळतं. तयार माल. स्पायरल मारलेला. नाव, रोल नंबर आणि शाळेचं नाव टाकायला जागा कोरी ठेवलेली. मागच्या बॅचनं त्याच्या मागच्या बॅचचं उतरवलं, तुम्ही आता मागच्या बॅचचं उतरवायचं. आत काय असतं? 'आज मी पाठ घेतला. विद्यार्थ्यांचा प्रतिसाद उत्स्फूर्त होता. शैक्षणिक साधनांचा वापर प्रभावीपणे केला पाहिजे असे मला जाणवले.' पन्नास छात्राध्यापक, दहा शाळा, एकच तारीख, आणि सगळ्यांना एकच जाणवलं! सिद्धार्थ गौतमाला एक गोष्ट जाणवायला सहा वर्षं वणवण करावी लागली. इथं झेरॉक्सच्या पैशात जाणवतं.

कॉलेजात ह्या वहीला मोठमोठी नावं आहेत. रिफ्लेक्टिव्ह जर्नल. अनुचिंतन दैनंदिनी. तिच्यावर मेथड मास्तरची सही होते, अंतर्गत गुण पडतात आणि वही कपाटात जाऊन वाळवीच्या तोंडी लागते. कुणी विचारत नाही की बाई, ज्या शाळेत तू एवढे आठवडे काढलेस तिथं मुतारी कुठली पोरं धूत होती? खिचडीच्या पंगतीत कोण कुणाशेजारी बसत होतं? हजेरी घेताना कुठल्या आडनावापाशी तुझी जीभ अडखळली? शेवटच्या बाकावरच्या पोराला महिनाभरात तू कितीदा नावानं हाक मारलीस? ह्याला म्हणायचं चिंतन. बाकी सगळं शुद्धलेखन.

दोस्तहो, आम्ही चिंतनाच्या विरोधात नाही. चिंतनाच्या चोरीच्या विरोधात आहोत. आणि चोरी आपल्याच घरातून झालेली आहे, हे आधी ध्यानात घ्या.

शिक्षणशास्त्राच्या गाइडमध्ये चिंतनाचा विचार जॉन ड्यूईच्या नावावर असतो. ड्यूईचं 'हाउ वुई थिंक' हे पुस्तक १९१० सालचं. त्यातला मुद्दा साधा आहे. माणूस उगाच विचार करत नाही. काहीतरी अडतं, खटकतं, नेहमीची वाट बंद होते, तेव्हा तो विचाराला लागतो. मग कारणं शोधतो, ती तपासतो, करून बघतो. गाइडवाले ह्याच्या पायऱ्या पाडतात आणि पाच मार्कांची टीप करून टाकतात. पण गाइडवाले हे सांगत नाहीत की १९१३ नंतर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ह्याच ड्यूईच्या वर्गात भीमराव रामजी आंबेडकर नावाचा एक तरुण बसत होता. शाळेत ज्याला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागलं, शिपाई नसला की ज्याला तहानलेलं राहावं लागलं, तो हा तरुण. १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेब ड्यूईचा उल्लेख आपला शिक्षक म्हणून करतात, त्याचं ऋण मानतात. १९५२ च्या जूनमध्ये मानद पदवी घ्यायला ते कोलंबियाला गेले, तेव्हा ड्यूई नुकताच वारला होता. ती भेट राहून गेली.

आता हा धागा जोडा. ज्याला खटकतं तो विचार करतो. मग ह्या देशाच्या वर्गखोलीत सगळ्यात जास्त खटकलं कुणाला? ज्याच्यासाठी पाट मांडून ठेवला होता त्याला? का ज्यानं गोणपाट काखेत मारून आणला आणि संध्याकाळी परत घरी नेला त्याला? शाळा झाडणारा नोकरसुद्धा त्या गोणपाटाला शिवत नव्हता, हे बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलं आहे. त्या पानांवर कुठल्या मेथड मास्तरची सही नाही. 'उत्तम' असा लाल शेरा नाही. पण शाळा म्हणजे काय चीज आहे हे त्या चार पानांतून जेवढं कळतं, तेवढं तुमच्या शैक्षणिक समाजशास्त्राच्या अख्ख्या पेपरातून कळत नाही.

म्हणून म्हणतो, चिंतन ही आपली गोष्ट आहे. ती त्यांनी नेली, धुऊन पुसून पांढरी केली आणि आपल्याच अंगावर फेकली, भरा म्हणून.

कागदावर सगळं झकास आहे. शिक्षक-शिक्षणाच्या २००९ च्या राष्ट्रीय आराखड्यानं शिक्षक विचार करणारा आणि माणुसकीचा हवा असं म्हटलं. एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं केलं, वीस आठवड्यांची आंतरवासिता लावली, 'स्वतःला समजून घेणे' असा उपक्रम अभ्यासक्रमात घातला. वा! पण त्या तासाला बसलेल्या पोरानं म्हटलं की सर, मी स्वतःला समजून घ्यायला लागलो की पहिली जात येते, तर सर म्हणतात, तो विषय नको, आपण व्यक्तिमत्त्व विकास घेऊ. म्हणजे स्वतःला समजून घ्या, पण स्वतः सोडून!

सूक्ष्म अध्यापनाचं बघा. ही पद्धत अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ च्या सुमाराला निघाली. आपल्याकडं एनसीईआरटीनं तिचं गणित बसवलं. ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण, १२ मिनिटं पुन्हा नियोजन, ६ मिनिटं पुन्हा पाठ, ६ मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. एकूण ३६ मिनिटं. समोर विद्यार्थी कोण? आपलेच वर्गमित्र. बावीस-पंचवीस वर्षांचे घोडे पाचवीतली पोरं होऊन बसतात. ह्या पोरांना भूक लागत नाही. ह्यांचे आईबाप ऊसतोडीला गेलेले नसतात. ह्यांच्या दप्तरात भावंडाचं फाटकं पुस्तक नसतं. 'भारताची राजधानी कोणती?' म्हटलं की सगळे हात वर. असल्या पोरांपुढं तयार झालेला मास्तर खऱ्या वर्गात गेला की पहिल्या बाकाशीच बोलतो. कारण पहिला बाकच त्याला ओळखीचा वाटतो.

आणि पाठ संपल्यावर मित्र प्रत्याभरण काय देतात? निरीक्षण वही काढून वाचा. 'आवाज चांगला. फळालेखन सुबक. उदाहरणे समर्पक.' तू माझं चांगलं लिही, मी तुझं चांगलं लिहितो. हे कसलं प्रत्याभरण? साटंलोटं आहे साटंलोटं!

एक शेरा मात्र खराखुरा असतो. 'उच्चार सुधारावेत.' तो कुणाला मिळतो ते मोजा. पाठ घेताना एखाद्याच्या तोंडून 'पानी' गेलं, 'आनि' गेलं, की मागं खसखस पिकते. पोरगं लाजून अर्धं होतं. पुढचे सहा महिने ते 'ण'च्या भीतीनं तोंड उघडत नाही. अरे, उद्या ते ज्या वर्गात उभं राहणार त्या वर्गातली निम्मी पोरं 'पानी'च म्हणतात. त्या पोरांना तहान लागते ती 'पानी'चीच लागते. त्यांच्याशी पहिल्या दिवसापासून बोलू शकेल असा मास्तर तुमच्याकडं चालून आला आणि तुम्ही त्याची जीभ तासायला घेतली! प्रमाण मराठी शिकवायची ना, जरूर शिकवा. आम्हालाही ती पाहिजे, तिच्यातच कोर्टकचेऱ्या चालतात. पण एक भाषा शिकवायला दुसरीला लाथ मारावी लागते, हे कुठल्या शिक्षणशास्त्रात लिहिलंय?

मग आपली पोरं म्हणतात, कॉलेज गेलं खड्ड्यात, आमचा आमचा ग्रुप आहे मोबाईलवर. तिथं आम्ही एकमेकांना धरून आहोत.

आहे. ग्रुप आहे. आणि तिथं आधार मिळतच नाही, असं म्हणणारा खोटारडा. पाठ टाचण नसेल तर रात्री अकराला कुणीतरी फोटो काढून टाकतं. फॉर्मची शेवटची तारीख कळते. टीईटीचे जुने पेपर मिळतात. लहान बाळ घरी ठेवून बी.एड. करणारी बाई रात्री लिहिते की आता नाही होत माझ्याच्यानं, तर चार जणी तिला म्हणतात, होईल गं, आम्ही आहोत. हे मोलाचं आहे. ट्रेनिंगची दोन वर्षं अशा सोबतीशिवाय निघत नाहीत.

पण ह्या ग्रुपच्या माथ्यावर एक पाटी असते. 'कृपया राजकीय, धार्मिक व जातीय पोस्ट टाकू नये.' सत्यनारायणाचं आमंत्रण धार्मिक नसतं. गणपतीची आरती धार्मिक नसते. मकरसंक्रांतीला हळदीकुंकू जातीय नसतं. १४ एप्रिलला कुणी निळा झेंडा टाकला की ॲडमिनला नियम आठवतो. आणि एखादी आपली पोरगी धीर करून लिहिते, 'आज शाळेत मुख्याध्यापकांनी नाव विचारलं. मग आडनाव. मग गाव. मग म्हणाले, म्हणजे तुम्ही कोण?' ह्यावर काय येतं? काही नाही. साठ जणांनी वाचलं, एकाला शब्द फुटला नाही. दहा मिनिटांनी कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकतं. पंधराव्या मिनिटाला कुणीतरी विज्ञानाचं पाठ टाचण टाकतं, आणि मग त्या टाचणाला धडाधड पन्नास अंगठे. पोरगी आपला मजकूर पुसून टाकते.

ही आहे तुमची सोबत. सगळ्यांना दुखतं त्यावर फुंकर आहे. फक्त आपल्याला दुखतं त्यावर नियम आहे.

'ग्रुपमध्ये जात कशाला आणता?' आणली कुणी रे? ॲडमिशनच्या यादीत नावापुढं प्रवर्ग छापला कुणी? 'स्कॉलरशिपवाले उभे राहा' असं भरल्या वर्गात म्हणतं कोण? शिष्यवृत्ती शासनाकडून आली नाही म्हणून आपल्याच पोराचे कागद अडवून ठेवतं कोण? तेव्हा जात वर्गात चालते. आम्ही त्याच जातीबद्दल एक वाक्य बोललो की वातावरण बिघडतं!

हे सगळं हसण्यावारी नेऊ नका. शिकाऊ माणूस एकटा पडला की काय होतं ते ह्या महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे. २०१९ च्या मे महिन्यात मुंबईत डॉ. पायल तडवी ही आदिवासी समाजातली, पदव्युत्तर शिक्षण घेणारी डॉक्टर गेली. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तिच्या तीन वरिष्ठ डॉक्टरांना अटक झाली. ती शिकाऊ डॉक्टर होती, तुम्ही शिकाऊ मास्तर. धंदा वेगळा, पण अवस्था एक. वरच्याची सही लागते. हजेरीवर सही, पाठावर सही, आंतरवासितेच्या दाखल्यावर सही. ज्याच्या हातात सही आहे त्याच्याबद्दलचं खरं, त्यालाच तपासायला द्यायच्या वहीत कोण लिहील? म्हणून वही खोटी होते. पोरं लबाड आहेत म्हणून नाही, वही चुकीच्या माणसाकडं जाते म्हणून.

त्यात भीती पोटाची. २०१२ च्या मे महिन्यात शासनानं शिक्षकभरती थांबवली आणि गल्लोगल्ली निघालेली डी.एड. कॉलेजं ओस पडली. भरती उघडली तरी तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून राबायचं. प्राथमिक शाळेच्या शिक्षण सेवकाला महिन्याला ६,००० रुपये मिळत होते, ते १६,००० व्हायला २०२३ साल उजाडावं लागलं. अशा बाजारात दाखला अडला तर जायचं कुठं? म्हणून आपलं पोरगं गप्प बसायला शिकतं. आणि गप्प बसायला शिकलेला मास्तर वर्गात दुसरं काय शिकवणार?

इथं आपल्याच माणसांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. १८८२ साली हंटर आयोगापुढं जोतिराव फुल्यांनी काय मागितलं होतं? सरकारी शाळांतले बहुतेक मास्तर ब्राह्मण आहेत, त्यांचा कष्टकऱ्यांच्या पोरांशी जीव जुळत नाही, म्हणून कष्टकरी जातींतून मास्तर तयार करा. नांगर हातात धरायची ज्याला लाज वाटणार नाही, खालच्या म्हटलेल्या लोकांत जो मोकळेपणानं मिसळेल, असा मास्तर. आज तो मास्तर आलाय. राखीव जागेवर आलाय, लढ्यातून आलाय. आणि आल्यावर करतो काय? वस्ती सोडतो, गावावरून नवं आडनाव घेतो, स्टाफरूममध्ये जयंतीचा विषय निघाला की पेपर तोंडापुढं धरतो. वस्तीतलं पोरगं वर्गात दिसलं की त्याला सगळ्यात आधी हाच ओळखतो, आणि सगळ्यात आधी हाच नजर चुकवतो. कारण त्या पोराला ओळख दिली तर स्वतःची ओळख द्यावी लागेल.

झोंबलं? झोंबू द्या. पण ह्या माणसाला नुसतं दलाल म्हणून मोकळं व्हायला आम्ही तयार नाही. तो ट्रेनिंगमध्ये होता तेव्हा त्याच्या शेजारी कोण होतं? पहिल्या पाठाला मागून हसू आलं, त्या रात्री त्याच्याशी कोण बोललं? कुणी नाही. त्यानं एकट्यानं विचार केला आणि एकट्यानं घाबरून मार्ग काढला. आज तुम्ही एकमेकांशी बोलला नाहीत, तर वीस वर्षांनी पेपर तोंडापुढं धरून तुम्हीच बसलेले असाल.

सोबत म्हणजे काय हे शिकायला परदेशी पुस्तक नको. सावित्रीमाई स्वतः ट्रेनिंग घेतलेली मास्तरीण. तेव्हाच्या अहमदनगरला मिस फरार आणि पुण्याला मिस मिचेल यांच्याकडं त्या शिकवायला शिकल्या. १८५६ च्या ऑक्टोबरात आजारपणामुळं त्या माहेरी नायगावला होत्या. तिथून त्यांनी जोतिबांना पत्र लिहिलं. त्या पत्रात काय आहे? महारामांगांना शिकवता म्हणून भाऊ टाकून बोलला. तो काय म्हणाला ते लिहिलंय, आपण त्याला काय उत्तर दिलं ते लिहिलंय. आणि पुण्यात फातिमावर कामाचा भार पडला असेल ही काळजी लिहिलीय, पण ती कुरकुर करणार नाही हा भरवसाही लिहिलाय. बघा ह्या पत्राकडं! घडलं ते सांगितलंय. आपण काय केलं ते सांगितलंय. सोबतीणीच्या पाठीवरचं ओझं आठवलंय. आणि ते सांगितलंय कुणाला? जो स्वतः त्याच लढाईत उभा आहे त्याला. ना साहेबाला, ना तपासनिसाला. छात्राध्यापकांनो, ही तुमची चिंतनाची वही. तुमच्या सिलॅबसमध्ये सावित्रीमाईंचा फोटो आहे, जयंतीला हार आहे. हे पत्र पाठाला लावा म्हणावं!

आणि अशा मास्तरांच्या शाळेतून निघालं काय? १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवे ह्या मांगाच्या पोरीचा निबंध छापून आला, महारामांगांच्या दुःखाविषयी. शाळकरी पोरीनं धर्माला, पेशवाईला, ब्राह्मणांना जाब विचारला. ती लिहू शकली, कारण जे ती लिहिणार होती ते ऐकायची तिच्या मास्तरांची तयारी होती. मास्तर एकमेकांशी खरं बोलतात तेव्हाच पोरं वहीत खरं लिहितात. एवढंच सगळं शिक्षणशास्त्र आहे.

आता आडवे येणारे आडवे येतील. एक म्हणेल, बसून चिंतन करायला तुम्ही काय मठात आहात? रस्त्यावर या. आम्ही म्हणतो, येतोच आहोत. पण वर्गखोलीत रोज पाच तास जो अन्याय घडतो त्याच्यावर मोर्चा कसा काढणार? तिथं आतला माणूस लागतो, डोळे उघडे असलेला. ऑगस्ट २०२२ मध्ये राजस्थानच्या जालोर जिल्ह्यात नऊ वर्षांचा दलित पोरगा दवाखान्यात मेला. शिक्षकाच्या माठाला हात लावला म्हणून शिक्षकानं मारलं, असं घरच्यांचं म्हणणं. पोलिसांनी शिक्षकाला अटक केली. खटल्यात काय ठरायचं ते ठरो. आमचा सवाल ट्रेनिंग कॉलेजांना आहे. मास्तर घडवताना त्याच्या मनातल्या माठाबद्दल तुम्ही एक तरी तास घेता का? घेत नसाल तर तो तास आम्ही घेऊ.

दुसरा म्हणेल, तुम्ही वेगळे बसलात तर तो तुमचा तुम्हीच अंथरलेला गोणपाट झाला की! हा सवाल खरा आहे, टाळू नका. उत्तर असं : गोणपाटावर बसवलं जातं, बैठकीला आपण बसतो. गोणपाटावर बसलेल्याला बोलायची मुभा नसते, बैठक बोलण्यासाठीच असते. आणि बैठकीचं दार उघडं आहे. सवर्ण पोरगा येऊ दे, मुसलमान पोरगी येऊ दे. अट एकच. आपल्या घरात जातीबद्दल काय बोललं जातं, ते खरं सांगायचं. दुसऱ्याची जात समजून घ्यायला येणाऱ्यानं आधी स्वतःची सांगावी.

तिसरा म्हणेल, मन मोकळं झालं की बरं वाटतं, तेवढं पुरे. नाही पुरे! बरं वाटून घरी जायचं असेल तर सिनेमाला जा.

मग करायचं काय? नेमकं सांगतो.

पाच ते सात जण गोळा व्हा. कॉलेज कुठलंही असो. आठवड्यातून एकदा बसा. विहारात, वाचनालयात, कुणाच्या रूमवर. आंतरवासिता लांबच्या गावी लागली तर फोनवर बसा. मेथड मास्तर नको, मुख्याध्यापक नको, संस्थेचा माणूस नको.

प्रत्येकानं त्या आठवड्यात खटकलेली एक गोष्ट आणायची. आधी घडलं ते सांगायचं. कोण काय बोललं, कोण उठलं, कोण बसलं, मी काय केलं, काय करायला घाबरलो. 'मला जाणवले' ह्या शब्दाला बैठकीत बंदी.

ऐकणाऱ्यांनी लगेच उपदेश झोडायचा नाही. आधी विचारायचं. मग शेवटी एकच : येत्या आठवड्यात तू वेगळं काय करशील? शेवटच्या बाकाला पुढं आणशील? झाडलोटीची पाळी सगळ्या पोरांना लावशील, का मुख्याध्यापकाला तोंडावर विचारशील? काय ते ठरव. आणि पुढच्या आठवड्यात पहिलं तेच विचारायचं : केलंस का? इथं सोबतीची परीक्षा आहे. पाठ थोपटणारे रग्गड मिळतात, पुढच्या आठवड्यात आठवणीनं विचारणारा लागतो.

पोराचं नाव, शाळेचं नाव, फोटो ह्यातलं काही फोनवरून फिरवायचं नाही. वस्तीतल्या पोराचं दुःख म्हणजे पुढं ढकलायचा मजकूर नाही. त्याला शरम आहे, अब्रू आहे, आईबाप आहेत.

आपल्या आतलंही बोलायचं. बौद्धांच्या बैठकीत मातंग पोरगी गप्प का बसते? सफाई कामगारांच्या वस्तीतून आलेल्या पोराला चहा आणायला कोण पिटाळतं? पोरी बोलायला लागल्या की पोरांना घड्याळ का दिसतं? हे बोलायची हिंमत नसेल तर मनूला शिव्या देऊ नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. अत्याचार हा चिंतनाचा विषय नाही. कुणी जातीवरून बोललं, पोराला मारलं, पोरीला पाण्यापासून उठवलं, तर 'ह्या प्रसंगातून मी काय शिकले' असलं लिहीत बसू नका. तारीख लिहा, वेळ लिहा, जागा लिहा, कोण होतं ते लिहा. शिक्षणहक्क कायद्याचं कलम १७ शाळेतल्या मारहाणीला आणि मानसिक छळाला बंदी घालतं. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. तो वाचा. आणि तक्रार द्यायला एकट्याला पाठवू नका, सगळे जा. सोबत म्हणजे हीच.

कॉलेजची वही? ती पण भरा. मार्क सोडू नका, आपल्याला डिग्री पाहिजे, आपल्या आईबापांनी ती पोटाला चिमटा घेऊन मागितलीय. पण दुसरी वही ठेवा, बैठकीची. आणि पाच-सात बैठका मिळून ताकद झाली की कॉलेजच्या दारात उभे राहा आणि मागा. चिंतनाला मार्क नकोत, वेळ द्या. छात्राध्यापकांच्या आपसातल्या बैठकीला वेळापत्रकात तास द्या. वर्गातली जात हा विषय पाठात घ्या. नाही दिलं, तर झेरॉक्सच्या दुकानातली ती स्पायरलची वही प्राचार्यांच्या टेबलावर ठेवा आणि विचारा, सर, ह्यातलं तुम्हाला काय काय जाणवलं?

उद्या तुम्ही मास्तर म्हणून वर्गात जाल. शेवटच्या बाकावर एक पोरगं असेल. तुमचं आडनाव फळ्यावर वाचून ते सावरून बसेल. ते तुमच्याकडं बघेल, आणि तुम्ही त्याच्याकडं बघता की नाही तेही बघेल. त्या नजरेला नजर द्यायची तयारी एकट्यानं होत नाही.

पहिली बैठक कधी आणि कुठं? तेवढं ठरवा. ह्या आठवड्यातच.

जय भीम.